जानुसंधिगत वात आणि ‘झीज भरून काढणारी’ औषधे : शास्त्र, पुरावा व वैद्याचे कर्तव्य

परभणी-परळी लोहमार्गावरील पोखर्णी हे गाव श्रीनृसिंहाचे क्षेत्र म्हणून मराठवाड्यात सुपरिचित आहे. सभोवताली काळी कापसाची जमीन आहे. ज्वारी, सोयाबीन, तूर व कापूस ही येथील मुख्य पिके होत. या परिसरातील शेतकरी व शेतमजूर स्त्रीचे वर्षभराचे काम पाहिले, तर जानुसंधीवर पडणाऱ्या भाराची कल्पना येते. श्रावण-भाद्रपदात तासन्‌तास उकिडवे बसून खुरपणी, आश्विनात कमरेत वाकून सोयाबीनची काढणी, त्यानंतर ओटीत कापसाचे ओझे घेऊन वेचणी, आणि घरी पुन्हा चुलीपुढे बसणे. चाळिशी-पन्नाशीनंतर अशी स्त्री गुडघे धरून वैद्याकडे येते, तेव्हा तिच्या तोंडी बहुधा तीन वाक्ये असतात : ‘गुडघ्यात गॅप पडली’, ‘गादी झिजली’, ‘वंगण संपले’. त्यापाठोपाठ प्रश्न येतो : ‘झीज भरून काढणाऱ्या गोळ्या मिळतात म्हणे, त्या घेऊ का?’

या प्रश्नाचे उत्तर देणे हे आज आपल्या व्यवसायातील एक जबाबदारीचे काम झाले आहे. शल्लकी, हरिद्रा, अश्वगंधा, ग्लुकोसामाइन, कोलाजन इत्यादींच्या कॅप्सूल औषधी दुकानांत, किराणा दुकानांत व टपालानेही मिळतात. त्यांवरील खर्च कापसाच्या पट्टीतून किंवा हातउसन्या पैशांतून केला जातो. म्हणून प्रस्तुत लेखात शास्त्रोक्त विचार, आजवरचा चिकित्सकीय पुरावा आणि व्यवहार या तिन्ही अंगांनी विषयाची मांडणी केली आहे.

व्याधीची व्याप्ती

गुडघेदुखी हा शहरी व बैठ्या जीवनाचा रोग आहे, हा समज चुकीचा आहे. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘कॉपकॉर्ड’ उपक्रमांतर्गत डॉ. अरविंद चोप्रा व सहकाऱ्यांनी घरोघरी जाऊन सर्वेक्षण केले. त्यात ४०९२ प्रौढांची पाहणी झाली. सुमारे १८ टक्के व्यक्तींना सांधे, स्नायू वा पाठीच्या वेदना होत्या आणि सुमारे ५.८ टक्के व्यक्तींमध्ये संधिगत वाताशी जुळणारा विकार, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिस, आढळला. भिगवण हे शेतीप्रधान गाव आहे. तेथील चित्र मराठवाड्यातील कष्टकरी गावांनाही विचार करावयास लावणारे आहे.

शास्त्रोक्त विचार

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील अठ्ठाविसाव्या अध्यायात संधिगत वाताचे वर्णन येते. वाऱ्याने फुगविलेल्या कातडी पिशवीप्रमाणे स्पर्श असलेला शोथ आणि आकुंचन-प्रसारण करताना होणारी वेदना ही त्याची मुख्य लक्षणे होत. सुश्रुताचार्यांनी संधींचा नाश, शूल व शोफ सांगितला आहे, तर माधवनिदानात आटोप, म्हणजे सांध्यातील आवाज, याची भर पडते. अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील अकराव्या अध्यायातील आश्रयाश्रयी भावानुसार वायूचे स्थान अस्थी आहे व त्यांचा संबंध व्यस्त आहे. वायू वाढला की अस्थिधातू क्षीण होतो.

सुश्रुताच्या शारीरस्थानात चौथी कला श्लेष्मधरा सांगितली आहे. वंगण घातलेल्या आसावर चाक सुरळीत फिरते, त्याप्रमाणे श्लेष्म्याने युक्त सांधे सुखाने हालतात, असा तेथील दृष्टांत आहे. बैलगाडी ज्यांच्या नित्य परिचयाची होती त्या रुग्णांना हा दृष्टांत लगेच पटतो. ‘वंगण संपले’ या लोकोक्तीचे मूळही अशाच कल्पनेत असावे. मात्र दृष्टांत हा दृष्टांतच समजावा. चाकाला वंगण बाहेरून घालता येते, सांध्यातील श्लेषक कफ शरीरानेच निर्माण करावा लागतो.

येथे परिभाषेचा एक मुद्दा स्पष्ट करणे अगत्याचे आहे. अलीकडील अनेक पत्रकांत सांध्यातील कूर्चेला सरसकट ‘तरुणास्थि’ म्हटले जाते. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानाच्या पाचव्या अध्यायात अस्थींचे कपाल, रुचक, तरुण, वलय व नलक असे पाच प्रकार आहेत. त्यांपैकी तरुण अस्थी नासिका, कर्ण, ग्रीवा व अक्षिकूट येथे सांगितल्या आहेत, आणि जानूची गणना कपाल प्रकारात केली आहे. म्हणजे गुडघ्याच्या अस्थिटोकांवरील गुळगुळीत आवरणाला तरुणास्थि म्हणणे ही आधुनिक काळातील सोय आहे, प्रत्यक्ष ग्रंथवचन नाही. त्यामुळे ‘ग्रंथात तरुणास्थि वाढविणारे द्रव्य सांगितले आहे’ असे जाहिरातवाक्य वाचताना वैद्याने थांबून विचार करावा.

चिकित्सासूत्राकडे पाहिले असता आणखी एक बाब लक्षात येते. स्नायु-संधि-अस्थिगत वातासाठी सुश्रुतांनी स्नेह, उपनाह, अग्निकर्म, बंधन व उन्मर्दन सांगितले. अस्थिप्रदोषज विकारांसाठी चरकांनी पंचकर्म, विशेषतः बस्ती, आणि तिक्तद्रव्यसिद्ध क्षीर व घृत सांगितले. एखादे द्रव्य दीर्घकाळ घेतले की सांधा पूर्ववत होतो, असा आश्वासक सूर या वचनांत कोठेही नाही. व्याधीचा जोर कमी करणे, गती राखणे व धातुक्षय रोखणे हाच त्यांचा रोख आहे.

कूर्चेची रचना आणि ‘झीज भरणे’

सांध्यातील कूर्चेमध्ये रक्तवाहिन्या नाहीत व मज्जातंतूही नाहीत. तिचा सुमारे दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश भाग पाणी असतो. पेशी थोड्या असतात आणि त्या भोवतालच्या द्रवातून पाझरणाऱ्या पोषणावर जगतात. सांधा हालला, दाबला व सुटला की हे पोषण पोहोचते. म्हणून पूर्ण विश्रांती कूर्चेला मानवत नाही. प्रौढ माणसाच्या कूर्चेतील कोलाजन इतके संथ बदलते की त्याचे अर्धायुष्य शंभराहून अधिक वर्षांचे असल्याचे संशोधकांनी मोजले आहे. दोन-तीन महिन्यांच्या औषधाने ती ‘भरून येईल’ ही अपेक्षा या वस्तुस्थितीशी जुळत नाही.

कूर्चेला मज्जातंतू नसतील तर वेदना कोठून येते? ती कूर्चेखालील अस्थी, संधिकोष, आतील श्लेष्मल आवरण व भोवतालचे स्नायुबंध यांतून येते. त्यामुळे क्ष-किरण चित्र व वेदना यांचे प्रमाण नेहमी जुळत नाही. चित्रात बरीच झीज असून मनुष्य शेतात काम करीत असतो, आणि दुसऱ्याच्या चित्रात अल्प बदल असूनही त्याला जिना चढवत नाही. याचा व्यवहारातील निष्कर्ष महत्त्वाचा आहे. वेदना कमी झाली म्हणजे झीज भरली असे सिद्ध होत नाही, आणि झीज भरली नाही म्हणून वेदना कमी होणारच नाही असेही नाही. वेदनाशमन, कार्यक्षमता व कूर्चारक्षण हे तीन स्वतंत्र दावे आहेत. प्रत्येकाचा पुरावा वेगळा तपासावा.

महाराष्ट्रातील चिकित्सकीय पुरावा

आपल्या राज्यातील संशोधकांनी या विषयात महत्त्वाची कामगिरी केली आहे, हे अभिमानाने नमूद करावे लागेल.

शल्लकी : नागपूरच्या इंदिरा गांधी वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. जानुसंधिगत वाताच्या ३० रुग्णांना आळीपाळीने शल्लकी निर्यासाचे सत्त्व व निष्प्रभ कॅप्सूल प्रत्येकी आठ आठवडे देण्यात आले. सत्त्वाची मात्रा ३३३ मिलिग्रॅम, दिवसातून तीन वेळा अशी होती. वेदना व सूज कमी झाली, गुडघा अधिक वाकू लागला व चालण्याचे अंतर वाढले. मात्र क्ष-किरण चित्रात कोणताही बदल आढळला नाही, असे संशोधकांनी स्पष्ट नोंदविले. हे शेवटचे वाक्य कोणत्याही वेष्टनावर छापलेले दिसत नाही.

चार द्रव्यांचा योग : अश्वगंधा, शल्लकी, शुंठी व हरिद्रा यांच्या सत्त्वांच्या योगाचा ३२ आठवड्यांचा अभ्यास डॉ. चोप्रा व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केला. ९० रुग्णांमध्ये निष्प्रभ औषधाशी तुलना करता वेदना व कार्यक्षमता यांत लक्षणीय लाभ दिसला.

गुडूची-शुंठी योग : केंद्र शासनाच्या ‘निमित्ली’ प्रकल्पात आयुर्वेद, आधुनिक वैद्यक व औषधनिर्माणशास्त्र यांतील तज्ज्ञ एकत्र आले. या प्रकल्पाची २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेली बहुकेंद्री चाचणी आपल्या क्षेत्रातील सर्वांत मोठ्या चाचण्यांपैकी एक आहे. ४४० रुग्णांना २४ आठवडे चार गटांत औषध दिले गेले. दोन गटांना गुडूची, शुंठी, आमलकी व शल्लकी या द्रव्यांवर आधारित योग, तिसऱ्यास ग्लुकोसामाइन सल्फेट दररोज २ ग्रॅम आणि चौथ्यास सेलेकॉक्सिब दररोज २०० मिलिग्रॅम. वेदना व कार्यक्षमता यांत आयुर्वेदीय योग इतर दोन औषधांच्या तोडीचे ठरले. सात रुग्णांमध्ये लक्षणांविना एस.जी.पी.टी. वाढलेले आढळले, व आयुर्वेदीय योग घेणाऱ्यांत ते औषध थांबविल्यावर पूर्ववत झाले. २८ टक्के रुग्णांनी चाचणी मध्येच सोडली. या चाचणीत निष्प्रभ औषधाचा गट नव्हता, हेही लक्षात ठेवावे. समान लाभ म्हणजे समान वास्तविक गुण की समान नैसर्गिक सुधारणा, हा प्रश्न तेवढ्यापुरता शिल्लक राहतो.

कूर्चेवरील प्रयोग : पुण्यातील भारती विद्यापीठाच्या संशोधन संस्थेत शस्त्रक्रियेत काढलेल्या रुग्णांच्या कूर्चेच्या तुकड्यांवर प्रयोगशाळेत अश्वगंधामूळ (२००७) व आमलकी फळ (२००८) यांची चाचणी झाली. काही रुग्णांच्या कूर्चेत ऱ्हास कमी झालेला दिसला, सर्वांच्या नव्हे. हा आशादायक धागा आहे. परंतु काचेच्या भांड्यातील तुकड्याचे रक्षण आणि चालत्या माणसाच्या गुडघ्याचे रक्षण यांत मोठे अंतर आहे. ते अंतर दीर्घकालीन मानवी अभ्यासानेच ओलांडता येईल.

इतरत्र झालेले कार्य

२०१४ च्या कॉक्रेन समीक्षेत वनौषधींच्या ४९ चाचण्या व ५९८० रुग्णांचा विचार झाला. त्यात शल्लकीचे समृद्ध सत्त्व १०० मिलिग्रॅम ९० दिवस घेतल्यास १०० गुणांच्या मापनात वेदना निष्प्रभ औषधापेक्षा सुमारे १७ गुणांनी अधिक कमी झाल्याचे आढळले. परंतु हा निष्कर्ष दोन अभ्यासांतील अवघ्या ८५ रुग्णांवर आधारलेला आहे. शल्लकीतील बोस्वेलिक आम्ले ५-लिपॉक्सिजिनेज या विकराचे कार्य रोखतात. शोथ कमी होण्याचा हा एक संभाव्य मार्ग मानला जातो.

ग्लुकोसामाइन व कॉन्ड्रॉइटिन यांची अमेरिकेतील ‘गेट’ चाचणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. १५८३ रुग्णांमध्ये २४ आठवड्यांनंतर किमान २० टक्के वेदनाशमन झालेल्यांचे प्रमाण असे होते : निष्प्रभ औषध ६०.१ टक्के, ग्लुकोसामाइन ६४.०, कॉन्ड्रॉइटिन ६५.४, दोन्ही एकत्र ६६.६ आणि सेलेकॉक्सिब ७०.१ टक्के. म्हणजे एकूण रुग्णांत ही दोन पूरके निष्प्रभ औषधापेक्षा निर्णायकपणे सरस ठरली नाहीत.

या आकड्यांतून आपणा सर्वांनी घ्यावयाचा धडा वेगळाच आहे. निष्प्रभ गोळी घेणाऱ्या दहांपैकी सहांना आराम वाटला. गुडघेदुखीत चढउतार असतात. रुग्ण बहुधा वेदना शिगेस पोहोचल्यावर येतो, त्यानंतर ती काही प्रमाणात आपोआप उतरते. त्यात वैद्याच्या धीराच्या शब्दांची भर पडते. तेव्हा ‘माझ्या दहापैकी सहा रुग्णांना या योगाने गुण आला’ हे विधान द्रव्याच्या गुणाचा पुरावा होऊ शकत नाही. अनुभवाला आपल्या शास्त्रात मोठे स्थान आहे. परंतु अनुभव तुलनेसह लिहून ठेवला तरच तो प्रमाण होतो.

जर्मनीतील बर्लिन येथे झालेल्या व २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा उल्लेखही येथे उचित होईल. १५१ रुग्णांपैकी एका गटाला आहार, बाह्य उपचार, योगासने व उपदेश यांसह समग्र आयुर्वेदीय चिकित्सा आणि दुसऱ्यास व्यायामोपचारासह प्रचलित चिकित्सा देण्यात आली. बारा आठवड्यांनी वोमॅक गुणांकातील घट अनुक्रमे ६१ व ३२ होती. रुग्णांना आपला गट माहीत असल्याने अपेक्षेचा परिणाम वगळता येत नाही. तथापि आपल्या पद्धतीचे बळ एका कॅप्सूलपेक्षा समग्र उपक्रमात असावे, या ग्रंथोक्त दृष्टीस हा अभ्यास पुष्टी देतो.

द्रव्यांची ओळख, शुद्धता व सुरक्षितता

१. गुडूची : मुंबईतील यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांतील यकृतदाहाची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला आणि टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया व तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा यांतील भेदाकडे लक्ष वेधले. वादाचा निर्णय काहीही असो, दोन सावधगिरी आपल्या हाती आहेत. वेल स्वतः ओळखून घ्यावी. आणि यकृतविकार, मद्यसेवन किंवा स्वयंप्रतिरोधक व्याधीचा इतिहास असलेल्या रुग्णास ती दीर्घकाळ देऊ नये.

२. हरिद्रा : स्वयंपाकातील हळद आणि मिरीच्या सत्त्वासह शोषण वाढविलेले कर्क्युमिन ही एक वस्तू नव्हे. इटलीमध्ये २०१९ मध्ये हळदीच्या पूरकांनंतर पित्तस्तंभयुक्त यकृतदाहाच्या घटना नोंदल्या गेल्या. पित्ताश्मरी असल्यास व रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास विशेष काळजी घ्यावी.

३. गुग्गुळ : राजस्थान-गुजरातमधील रानातून येणारा हा निर्यास देणारी वनस्पती २०१५ पासून आंतरराष्ट्रीय यादीत अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदलेली आहे. बाजारात त्यात सालईच्या गोंदाची भेसळ होते. सालई म्हणजेच शल्लकी. ती सातपुडा व विदर्भाच्या रानात विपुल आहे व स्वतंत्रपणे गुणकारीही आहे, परंतु तिने गुग्गुळाचे नाव घेऊन येऊ नये. गुग्गुळामुळे प्रोप्रॅनोलॉल व डिल्टियाझेम यांचे शोषण कमी होते, म्हणून हृद्रोगी रुग्णाची चालू औषधे विचारून घ्यावीत.

४. अश्वगंधा : थायरॉइडची अतिक्रिया असलेल्यांना व गर्भिणीस देऊ नये.

५. रास्ना : एकाच नावाने भिन्न प्रांतांत प्लुचिया, कुलिंजन वा वांडा वापरली जाते. काढा देताना आपल्या दुकानदाराकडील रास्ना कोणती, हे विचारणे हा चिकित्सेचाच भाग आहे.

६. बिनवेष्टनाच्या पुड्या : एक-दोन दिवसांत चमत्कारिक आराम, वाढलेली भूक, चेहऱ्यावर सूज व बिघडलेली रक्तशर्करा दिसल्यास स्टेरॉइडच्या भेसळीची शंका घ्यावी. असे औषध दीर्घकाळ घेतलेल्या रुग्णाचे औषध एकदम बंद करू नये. त्यास त्वरित रुग्णालयात पाठवावे.

कायद्याची बाजूही लक्षात असावी. आयुर्वेदीय औषध १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली परवान्याने तयार होते. पूरक आहार अन्नसुरक्षा कायदा २००६ व त्याखालील नियमांच्या कक्षेत येतो आणि त्यास रोग बरा करण्याचा दावा करता येत नाही. वेष्टनावरील परवाना कोणता, हे पाहिल्याने अर्धा भ्रम दूर होतो. १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या अनुसूचीत संधिवाताचा समावेश आहे. तेव्हा दवाखान्याच्या फलकावर ‘गुडघेदुखी कायमची बरी’ असे लिहिण्यापूर्वी आपणही विचार करावा.

व्यवच्छेदक निदान

प्रत्येक दुखरा गुडघा संधिगत वाताचा नसतो. ज्वर, उष्ण व लाल शोथ, अनेक लहान सांधे दुखणे, सकाळचा ताठरपणा तासाहून अधिक राहणे ही लक्षणे आमवात वा अन्य दाहक व्याधी सुचवितात. साम अवस्थेत स्नेहन केल्यास वेदना वाढते, हे आपण सर्व जाणतो. २००६ मध्ये महाराष्ट्रात चिकुनगुनियाची मोठी साथ आली होती. ज्वरानंतर सांधे धरलेल्या रुग्णास त्याबद्दल विचारावे. नांदेड, यवतमाळ व चंद्रपूर जिल्ह्यांतील काही गावांत पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण अधिक आहे. तेथून आलेल्या व पाठीचा ताठरपणा असलेल्या रुग्णात फ्लोरोसिसचा विचार करावा. एकच सांधा अचानक सुजणे, गुडघा अडकणे, पडल्यानंतर भार न घेता येणे, रात्रीची असह्य वेदना व वजन घटणे या स्थितीत विलंब न करता परभणीच्या शासकीय रुग्णालयात वा अस्थिरोगतज्ज्ञाकडे पाठवावे.

ग्रामीण व्यवसायासाठी चिकित्साक्रम

प्रथम निदानपरिवर्जन. खुरपणीस उकिडवे बसण्याऐवजी वीतभर उंचीचा पाट वापरणे, वेचलेला कापूस ओटीत फार साठू न देता वारंवार रिकामा करणे, शौचासाठी खुर्चीवजा भांडे, चुलीचा ओटा उंच करणे, हे उपाय अल्पखर्ची आहेत. स्थूल रुग्णात वजन घटविणे हे श्रेष्ठ औषध होय. एका अभ्यासानुसार (२००५) शरीराचे वजन एक किलो घटले की चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोने घटतो. कृश स्त्रीस मात्र लंघन देऊ नये, तिला बृंहण हवे.

दुसरे, व्यायाम. खाटेवर बसून पाय सरळ करून पाच आकडे मोजेपर्यंत धरणे, दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा, सकाळ-सायंकाळ. यामुळे मांडीचे स्नायू बळकट होतात. ‘शेतात कष्ट होतातच, मग व्यायाम कशाला?’ असे रुग्ण विचारतो. कष्टाने सांध्यावर भार पडतो, व्यायामाने सांध्यास आधार मिळतो, असे त्यास समजावून सांगावे.

तिसरे, बाह्योपचार. तिळतेलाचा अभ्यंग, निर्गुंडीच्या पानांची पोटळी, एरंडपत्राचे बंधन, उपनाह व निराम अवस्थेत जानुबस्ती. निर्गुंडी व एरंड ओढ्याकाठी, बांधावर विनामूल्य मिळतात. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेल्या रुग्णात तेलाची उष्णता वैद्याने स्वतः तपासावी.

चौथे, आभ्यंतर औषध. साम अवस्थेत शुंठी, एरंडस्नेह व लघु आहार. निराम अवस्थेत रास्नासप्तक, योगराज किंवा त्रयोदशांग गुग्गुळ. धातुक्षयात अश्वगंधा, बला, तिक्तक्षीर. चूर्णांच्या सामान्य मात्रा अशा : शुंठी १ ते २ ग्रॅम, गुडूची ३ ते ६ ग्रॅम, अश्वगंधा ३ ते ६ ग्रॅम, आणि शुद्ध गुग्गुळ २ ते ४ ग्रॅम दररोज. शल्लकीचे प्रमाणित सत्त्व द्यावयाचे असल्यास बारा आठवड्यांची मुदत आधीच ठरवावी. लाभ न झाल्यास ते थांबवावे. लाभ झाल्यास काही काळ थांबवून पाहावे.

पाचवे, नोंद. पहिल्या भेटीत, सहाव्या व बाराव्या आठवड्यात पुढील पाच गोष्टी वहीत लिहाव्यात : शून्य ते दहा या मापात वेदना, सकाळचा ताठरपणा किती मिनिटे, हात न टेकता अर्ध्या मिनिटात खुर्चीवरून किती वेळा उठता येते, न थांबता किती चालता येते, आणि वजन. गुडूची, हरिद्रासत्त्व वा गुग्गुळ दीर्घकाळ देताना प्रारंभी व सहा ते आठ आठवड्यांनी एस.जी.पी.टी. तपासावे. संघटनेच्या सभासदांनी एकाच नमुन्यात अशा नोंदी ठेवल्या, तर काही वर्षांत मराठवाड्यातील ग्रामीण रुग्णांचा आपला स्वतःचा माहितीसाठा तयार होईल.

रुग्णास काय सांगावे?

‘हाड हाडावर घासते’ असे ऐकल्यावर रुग्ण चालणेच सोडतो, स्नायू क्षीण होतात व वेदना वाढते. म्हणून शब्द जपून वापरावेत. पुढील आशयाचे चार शब्द पुरेसे आहेत : ‘बाई, गुडघ्याचे दुखणे पुष्कळ कमी करता येते, चालणे-फिरणे सुधारता येते. झिजलेला भाग गोळीने पुन्हा नवा होतो, हे अजून कोणी सिद्ध केलेले नाही. म्हणून महागड्या डब्यासाठी उसनवारी करू नका. तेल, शेक, व्यायाम आणि मी दिलेले औषध तीन महिने नेमाने करा, मग आपण वही उघडून पाहू.’ ज्यांची झीज अतिशय पुढे गेली आहे, पाय धनुष्याकार झाला आहे व वर्षभराच्या योग्य चिकित्सेनंतरही रात्रीची झोप लागत नाही, त्यांना शस्त्रक्रियेचा सल्ला मोकळेपणाने द्यावा. याप्य व असाध्य अवस्था ओळखणे ही आपल्याच शास्त्राची शिकवण आहे, त्यात वैद्याचा कमीपणा नाही.

सारांश

शल्लकी, शुंठी, गुडूची व अश्वगंधा यांचा जानुसंधिगत वातातील वेदना व कार्यक्षमता यांवर होणारा लाभ नागपूर-पुण्यासह अनेक ठिकाणच्या अभ्यासांतून दिसून आला आहे. तो मध्यम प्रमाणाचा असला तरी कष्टकरी रुग्णाच्या दृष्टीने मोलाचा आहे, कारण वेदनाशामक गोळ्यांनी जठर व वृक्क यांस होणारा अपाय त्यामुळे काही अंशी टाळता येतो. कूर्चा पुन्हा निर्माण होण्याचा मानवी पुरावा आज उपलब्ध नाही. सिद्ध झालेला लाभ ठामपणे सांगावा, सिद्ध न झालेला दावा आपल्या तोंडून जाऊ नये. पोखर्णीसारख्या गावी रुग्ण वेष्टनावरील मजकूर वाचून नव्हे, तर वैद्याच्या शब्दावर विसंबून पैसे खर्च करतो. त्या शब्दाची किंमत राखणे सर्वस्वी आपल्या हाती आहे.